‘टू स्वीट’ म्हणजे किती गोड?

फोंड्याहून एका आईने विचारलंय. नाताळात शेजारच्या बाईंनी बेबिंका, म्हणजे गोव्याची थराथरांची मिठाई, पाठवली. लेकीने कौतुकाने सांगितलं, ‘आंटी, द बेबिंका वॉज टू स्वीट!’ आंटींचा चेहरा उतरला. ‘सॉरी हां बाय, पुढल्या खेपेला साखर कमी घालते.’ पोरीचं चुकलं कुठे?

चुकलं ‘टू’मध्ये, आणि त्याला आपला ‘फार’ जबाबदार. ‘चहा फार गोड झालाय’ ही तक्रार, ‘पोर फार गोड आहे’ हे कौतुक. शब्द एकच, निवाडा सुरावर. इंग्रजीने ही दोन कामं वाटून टाकलीत. ‘व्हेरी’ नुसतं प्रमाण वाढवतो. ‘टू’ आला की मर्यादा ओलांडली. ‘टू हॉट टू ड्रिंक’ म्हणजे इतका कढत की पिववत नाही. ते ‘पिववत नाही’ उच्चारलं नाही तरी ऐकणाऱ्याला ऐकू येतं. आंटींना ‘खाववली नाही’ असं ऐकू आलं. गोव्यातल्या मुलांना हे समजावणं खरं तर सोपं आहे: कोंकणीत ‘चड जालें’ (अती झालं) म्हणतो ना, तो भाव ‘टू’मध्ये आहे.

‘यू आर टू काइंड’ म्हणतात, ‘टू गुड’ही म्हणतात, पण ते ठरलेले प्रयोग. त्यावरून ‘टू स्वीट’ बेतायला गेलं की फसगत.

जाता जाता एक गंमत. ‘व्हेरी’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘खरा’. आपला ‘खूप’ फारसीतल्या ‘खूब’वरून आलेला, म्हणजे ‘चांगला’. दोघेही आपला मूळ अर्थ विसरून आता नुसती मापं भरतात.

मग ‘व्हेरी’ कुठेही चालेल? नाही. आपण ‘फार काळाकुट्ट’ म्हणत नाही, कारण ‘कुट्ट’मध्येच कळस झालेला असतो. ‘एक्सलंट’चंही तसंच. ‘व्हेरी एक्सलंट’ कानाला खटकतं, तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ शोभतो.

राहिला ‘इनफ’. हा उलट्या पायाचा. बाकीचे विशेषणाच्या पुढे उभे राहतात, हा मागे: ‘स्वीट इनफ’. ‘पुरेसं गोड’ डोक्यात ठेवून मुलं ‘इनफ स्वीट’ लिहितात आणि तांबडी रेघ ओढून घेतात.

तेव्हा लेकीला म्हणावं, आंटींना पुन्हा भेट आणि सांग, ‘इट वॉज जस्ट स्वीट इनफ.’ मराठीत, बेताची गोड.