चुलता म्हणजे धाकटा बाप

प्रश्न असा आला आहे: ‘लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत चुलतभावाच्या घरी राहायला जायचो, त्या आठवणी लिहितो आहे. “चुलतभाऊ” लिहिलं की परकं वाटतं. “कझिन” चालेल का? आणि आईच्या माहेराला आजोळ म्हणतात, तसा काकांच्या घराला काही शब्द आहे का?’

कझिन चालणार नाही. लग्नाच्या हॉलमध्ये ‘हा माझा कझिन ब्रदर’ अशी ओळख करून देतात तेव्हा हा भाऊ आईकडचा की वडिलांकडचा, हे पुन्हा विचारावं लागतं. बरं, ज्या लॅटिन ‘कॉन्सोब्रिनुस’वरून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याचा मूळ अर्थ मावसभाऊ! म्हणजे चुलतभावाला कझिन म्हणणारा त्याला उचलून मावशीच्या घरी नेऊन ठेवतो.

मामे, मावस, आते यांत फारसं गूढ नाही. मामा, मावशी, आत्या समोरच उभे आहेत. सोडून देऊ. मजा आहे ती चुलतात.

‘चूल वेगळी झाली म्हणून चुलत’ ही व्युत्पत्ती मी आजवर किमान दहा जणांकडून ऐकली आहे. एका भाषाविषयक व्याख्यानात वक्त्यांनी ती सांगितली आणि टाळ्याही घेतल्या. टाळ्यांनी व्युत्पत्ती सिद्ध होत असती तर कोश लिहायची गरजच नव्हती. एकत्र कुटुंबात वीस माणसं एकाच चुलीवरचं जेवायची, त्यातली निम्मी पोरं एकमेकांची चुलत असायची. त्यांची कुठली चूल वेगळी झाली होती? शिवाय ‘चुलत’ हा मूळ शब्द नाहीच. मामावरून मामे, तसं चुलत्यावरून चुलत. आधी चुलता सोडवा, मग चुलतभावाकडे वळा.

चुलता आला ‘क्षुल्लतात’वरून. तात म्हणजे बाप, क्षुल्ल म्हणजे लहान. बापाचा धाकटा भाऊ तो धाकटा बाप. प्राकृतात क्षुल्लचं चुल्ल झालं. पालीतही तेच: विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, मोठा विभाग तो महावग्ग, लहान तो चुल्लवग्ग. आणि हाच क्षुल्ल, शेपटीला ‘क’ लावून, आपण रोज वापरतो: क्षुल्लक! क्षुल्लक कारणावरून चुलत्याशी भांडणाऱ्याने एकाच धातूची दोन भांडी एकमेकांवर आपटलेली असतात.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो काकांकडेच, निपाणीला. शेजारी जैन कुटुंब होतं. एका सकाळी त्यांच्या दारात रांगोळी, ओट्यावर पाण्याचा सडा आणि आम्हा पोरांना दम, ‘आज गोंगाट नाही, क्षुल्लकजी आहाराला येणार आहेत.’ मी आणि चुलतभाऊ पायरीवर बसून हसू दाबत होतो. क्षुल्लक म्हणजे फालतू, मग त्याला ‘जी’ कसं? काकूने भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने दोघांच्या डोक्यात एकेक टपली मारली. केसांतलं पीठ दुपारपर्यंत तसंच होतं. दिगंबर जैनांत मुनिपदाच्या अलीकडची ही पायरी, म्हणून क्षुल्लक, हे फार पुढे कळलं.

त्याच गल्लीत कानडी पोरं बापाच्या धाकट्या भावाला ‘चिक्कप्पा’ म्हणत. चिक्क म्हणजे लहान, अप्पा म्हणजे बाप. क्षुल्लतात आणि चिक्कप्पा, अक्षरशः एकाच साच्यातले! तमिळमध्येही चित्तप्पा. आता माझं मत असं, की हा साचा मुळात दक्षिणेकडचाच. चुलत भावंडं म्हणजे सख्खीच, मामाची मुलगी मात्र लग्नाला चालते, हा दक्षिणेचा हिशेब महाराष्ट्रातही अनेक जातींत आहे. ज्या समाजात बापाचा भाऊ हा बापच, तिथेच असा शब्द सुचणार. यावर एका मित्राचा आक्षेप: पालीतही ‘चूळपिता’ आहे, मग दक्षिण कशाला? आणि बेळगाव-धारवाडकडे कानडी माणसंही सर्रास ‘काका’ म्हणतात, म्हणजे देवघेव उलट्या दिशेनेही झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं मत तरीही तेच आहे.

आजोळाचं राहिलं. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ, तसं आर्यककुलाचं, म्हणजे आजाच्या कुळाचं, आजोळ. काकांच्या घराला असा शब्द नाही, कारण ते आपलंच कूळ. त्याला वेगळं नाव कोण देणार? आठवणींत सरळ ‘काकांकडे’ लिहा. लहानपणी तरी ‘चुलतभावाच्या घरी चाललो’ असं कुठलं पोर म्हणतं?

जाता जाता: माझे निपाणीचे काका वडिलांपेक्षा सात वर्षांनी मोठे. वरच्या व्युत्पत्तीने ते माझे चुलते ठरतच नाहीत.