दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा तारकागुच्छ जन्मतात की मरतात?

दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) टकरीत तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे घोळके, तयार होतात असंही वाचलं आणि नष्ट होतात असंही, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी वायूच आहे.

हस्त नक्षत्राच्या भागात अँटेनी नावाची दीर्घिकांची जोडी आहे. एका वैशाखात माळावरून मी ती आठ इंची दुर्बिणीतून पाहिली. धुरकट डाग, बस्स! पण त्याच डागात हबल अवकाश दुर्बिणीला १९९०च्या दशकात हजाराहून जास्त तरुण, तेजस्वी गुच्छ सापडले.

टकरीत तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यात अंतरंच तेवढी अफाट असतात. आपटतात ते वायूचे ढग. दोन्ही दीर्घिका जिथे एकमेकींवर आल्या आहेत, तिथला एक ढग आल्मा दुर्बिणींनी टिपला. वस्तुमान काही दशलक्ष सूर्यांइतकं, त्यावर बाहेरून पडणारा दाब ताऱ्यांमधल्या अवकाशातल्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट, आणि आत अजून ताऱ्यांची चाहूल नाही. त्याला ‘फायरक्रॅकर’ म्हणतात. मला तर गुच्छ जन्मायच्या आधीचा हा क्षण सगळ्यात विलक्षण वाटतो.

आता मरणाकडे. ढगातला सगळा वायू ताऱ्यांत जात नाही, बराचसा उरतो. नवे जड तारे प्रखर प्रकाशाने, वाऱ्यांनी आणि पुढे अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या) स्फोटांनी तो उधळून लावतात. ताऱ्यांना धरून ठेवणाऱ्या गुरुत्वातला मोठा वाटा त्या वायूचाच होता. तो झटक्यात गेला की गुच्छ विस्कटतो, तारे दीर्घिकेत पांगतात. खगोलशास्त्रज्ञ याला ‘बालमृत्यू’च म्हणतात. अँटेनीत वय दसपट झालं की साधारण दहातला एकच गुच्छ उरतो, असं २००५च्या एका अभ्यासात मांडलं गेलं. हा नियम सगळीकडे लागू आहे का, यावर वाद आहे. बालमृत्यूतून वाचलेल्या गुच्छांनाही शेजारून जाणाऱ्या महाकाय ढगांचे हिसके बसतातच.

अर्प २२० सारख्या, टकरीतून बनलेल्या दीर्घिकेत तर गुच्छांची मोजणीच अवघड होते. ती सूर्याच्या लाख कोटी पटींहून तेजस्वी आहे, पण जवळपास सगळा प्रकाश धुळीत शोषला जाऊन अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) होऊनच बाहेर येतो.

तरी काही टिकतात. एनजीसी ७२५२ या जुन्या टकरीच्या अवशेषात डब्ल्यू३ नावाचा गुच्छ तीस ते पन्नास कोटी वर्षांनंतरही घट्ट बांधलेला आहे. त्याचं वस्तुमान सुमारे आठ कोटी सूर्यांइतकं. आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार गुच्छ, ओमेगा सेंटॉरी, त्याच्यापुढे अगदीच किरकोळ ठरतो.