पैसे बहिणीचे, करार भावाच्या नावावर

प्रश्न : मी मस्कतमध्ये नर्स आहे. 2019 मध्ये चिपळूणला फ्लॅट घेतला. सगळी रक्कम माझ्या एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई ठेवण्याचं अनिवासी भारतीयाचं बँक खातं) थेट बिल्डरला गेली. ‘तू सह्यांना कुठे येणार’ असं म्हणत घरच्यांनी करार धाकट्या भावाच्या एकट्याच्या नावाने नोंदवला. बिल्डरच्या अलॉटमेंट लेटरवर (फ्लॅट दिल्याच्या पत्रावर) मात्र फ्लॅट घेणारे म्हणून आम्हा दोघांची नावं आहेत. आता भावाने परस्पर गिऱ्हाईक आणून टोकन घेतलं आहे. विचारलं तर म्हणतो, फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, त्या अलॉटमेंट लेटरची मूळ प्रत आधी ताब्यात घ्या. तुमची बाजू बरीचशी त्याच कागदावर उभी राहणार आहे.

पैसे एकाने भरले, नाव दुसऱ्याचं लागलं आणि मालमत्ता पैसे भरणाऱ्याच्या फायद्यासाठी असली, तर कायदा त्याला बेनामी व्यवहार म्हणतो. तसं ठरलं तर बेनामी व्यवहार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे खरा मालक मालमत्ता परत मागायला कोर्टात उभाच राहू शकत नाही. सरकार ती जप्त करू शकतं. शिवाय 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून ‘पैसे माझे, फ्लॅट माझा’ एवढंच लिहून दावा लावू नका. तेवढं वाक्य तुमच्याच अंगावर येईल.

ह्याच कायद्याच्या 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत काही व्यवहार बेनामीतून वगळले आहेत. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावाने घेतलेली मालमत्ता त्यात येते. भावंडांना मात्र एक जादा अट आहे : कोणत्या तरी दस्तऐवजात दोघांची नावं सहमालक म्हणून दिसली पाहिजेत. तो दस्तऐवज नोंदणीकृत करारच असावा, असं कलमात म्हटलेलं नाही. अलॉटमेंट लेटरचं महत्त्व ते हेच. समोरचा वकील म्हणेल की त्या पत्राने मालकी मिळत नाही, आणि हा वाद खरोखर लढावा लागेल. तरी माझ्या मते तुमचं म्हणणं मांडण्यासारखं आहे.

जोडीला नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा आणि एनआरई खात्याचे उतारे लागतील. पैसे कोणी दिले एवढ्यावरच कोर्ट निकाल देत नाही. ताबा कोणाकडे, मूळ कागद कोणाकडे, दुसऱ्याचं नाव का घातलं, नंतर दोघं कसे वागले, हेही पाहिलं जातं. 1973 च्या जयदयाल पोद्दार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या कसोट्या सांगितल्या, आणि सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकला. भावाने कधी ‘फ्लॅट तुझाच आहे’ असा मेसेज केला असेल, तर तो पुसू नका आणि फोनही बदलू नका. मागच्या तारखेचा कागद तयार करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसापासून लांब राहा.

पण सगळ्यात घाईचा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 41 प्रमाणे, खऱ्या मालकाच्या उघड किंवा मूक संमतीने जो दर्शनी मालक म्हणून वावरतो, त्याच्याकडून पुरेशी चौकशी करून, चांगल्या हेतूने आणि मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण मिळतं. तुमचं गप्प बसणं उद्या मूक संमती म्हणून दाखवलं जाईल. म्हणून ह्याच आठवड्यात भाऊ, गिऱ्हाईक आणि सोसायटी ह्यांना वकिलामार्फत नोटीस पाठवा. वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्या. तुमचा हक्क कळल्यावर घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

त्यामागोमाग दिवाणी कोर्टात सहमालकी जाहीर करून मिळण्याचा दावा आणि विक्रीला तात्पुरती मनाई मागणारा अर्ज दाखल करा. महाराष्ट्रात दावा लावून भागत नाही, तो प्रलंबित असल्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. हे बऱ्याच जणांकडून राहून जातं, आणि मग दावा चालू असताना फ्लॅट विकला गेला, तर दाव्याचा निकाल घेणाऱ्यावर बंधनकारक करणं कठीण होतं. हक्क जाहीर करून मागण्याच्या अशा दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. भावाने तुमचा हक्क पहिल्यांदा कधी नाकारला, ती तारीख लिहून ठेवा.

ह्यासाठी तुम्हाला लगेच इथे यावं लागणार नाही. 2019 मध्येही यावं लागलं नसतं : अनिवासी भारतीयाला इथे स्वतःच्या नावाने फ्लॅट घेता येतो, आणि सह्यांसाठी कुलमुखत्यारपत्र पुरतं. आता तेच मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून विश्वासातल्या व्यक्तीच्या नावाने पाठवा आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.