लोखंड दोन्हींत जवळपास सारखेच, मग चुंबक एकालाच का ओढते?

आपला प्रश्न असा आहे की, गोव्याच्या खाणीतून आणलेल्या हेमॅटाइटच्या जड दगडाला चुंबक लावले तर ओढ जाणवत नाही, पण ओढ्याच्या वाळूतून तेच चुंबक फिरवले की मॅग्नेटाइटचे काळे कण त्याला दाट चिकटतात. दोन्ही लोखंडाचीच ऑक्साइडे असताना असे का व्हावे?

लोखंडाच्या प्रमाणात याचे उत्तर सापडत नाही. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोखंड असते आणि मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ७२ टक्के. फरक आहे तो स्फटिकातील मांडणीचा. लोखंडाचा प्रत्येक आयन (म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) हा एक सूक्ष्म चुंबकच असतो, आणि दोन आयनांच्या मध्ये बसलेला ऑक्सिजन बहुधा त्यांना एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंडे करायला लावतो. हेमॅटाइटमध्ये सगळे आयन एकाच प्रकारचे, त्रिसंयुजी म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि त्यांचे थर आळीपाळीने उलटसुलट दिशांना वळलेले असल्यामुळे बेरीज जवळजवळ शून्य होते. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की हे थर नेमके विरुद्ध नसून एका अंशाहूनही कमी कोनात कललेले असतात, आणि त्या कलामुळे उरणारे चुंबकत्व, वजनाला वजन धरले तर, मॅग्नेटाइटच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी भरते. तापमान उणे १० अंशांच्या आसपास उतरले की शुद्ध हेमॅटाइटमधला हा कलही नाहीसा होतो.

मॅग्नेटाइटमध्येही विरुद्ध दिशांचीच जुळणी असते, परंतु तेथे दोन्ही बाजू समबल नसतात. काही आयन चार ऑक्सिजनांच्या घरात बसतात, काही सहांच्या, आणि या दोन प्रकारच्या घरांतल्या आयनांची तोंडे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असतात. त्रिसंयुजी आयन दोन्ही प्रकारच्या घरांत निम्मे निम्मे वाटले गेल्याने परस्परांना रद्द करतात, आणि द्विसंयुजी (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) आयन एकाच बाजूला असल्यामुळे त्यांचे चुंबकत्व शिल्लक राहते. या प्रकाराला फेरीचुंबकत्व म्हणतात. त्याचा सिद्धान्त फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडला आणि चुंबकत्वावरील कामासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ही शिस्त मोडते.

मांडणीच निर्णायक आहे याचा सर्वांत बोलका पुरावा मला मॅगहेमाइट या खनिजात दिसतो. त्याचे रासायनिक सूत्र हेमॅटाइटचेच, पण स्फटिकरचना मॅग्नेटाइटच्या घराण्यातली, आणि त्यामुळे ते चुंबकाला जोरात ओढले जाते. जुन्या ध्वनिफितींवरचा तपकिरी लेप बहुतेक वेळा याचाच असे. तेच पुरेसे तापवले की त्याचे हेमॅटाइट होते आणि एकही अणू न घटता ओढ जवळपास संपते.

हेमॅटाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत चुंबकीय माळा बहुधा कृत्रिम फेराइटच्या (लोखंडाच्या ऑक्साइडापासून बनवलेल्या चुंबकीय पदार्थाच्या) असतात, हेही येथे सांगून ठेवतो.

आपल्याकडचा दगड तपासायचा असेल, तर फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर तो घासून पाहावा. हेमॅटाइटची रेघ गेरूसारखी तांबडी उमटते, मॅग्नेटाइटची काळी. रेघ तांबडी असूनही दगड चुंबकाला थोडाफार ओढला गेला, तर त्यात मॅग्नेटाइटचे कण मिसळलेले असण्याची शक्यता अधिक. खाणीतले खनिज क्वचितच निर्भेळ असते.