मार्जिनल किडनीच्या संमतीपत्रावर सही केली तर बाबांचा नंबर मागे जाईल का?

नाही जात. तुम्ही लिहिलंय, बाबा ६३ वर्षांचे, मधुमेह, ३ वर्षं डायलिसिस, पुण्याच्या झेडटीसीसीत (अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय केंद्रात) नाव नोंदवलेलं. सही केली तरी चांगल्या किडनीसाठीचा त्यांचा नंबर तसाच राहतो; मार्जिनल, म्हणजे वयस्कर किंवा आजारी दात्याची, जास्त जोखमीची किडनी आली तर तिच्यासाठीही फोन येऊ शकतो, एवढाच फरक. फॉर्ममधला तो मजकूर को-ऑर्डिनेटरकडून एकदा वाचून मात्र घ्या.

अशी किडनी शेवटी कोणाला मिळते, यात नकारांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या राष्ट्रीय निकषांत डायलिसिसच्या दर महिन्याला १ गुण मिळतो. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या मार्गाच्या) जागा संपल्या किंवा आधीचं प्रत्यारोपण निकामी झालं असेल तर वाढीव गुण. दात्याची किडनी किती वर्षं टिकेल, याला या गुणांत जागा नाही. त्यामुळे ६४ वर्षांच्या, बीपीच्या दात्याची किडनीही आधी यादीत वर असलेल्या तिशीतल्या पेशंटला विचारली जाते. तो नाही म्हणतो, पुढचाही नाही म्हणतो. फोनाफोनीत वेळ जातो, आणि किडनी काढल्यावर नकार आला तर तो सगळा वेळ ती बर्फात असते. कोल्हापूरहून ग्रीन कॉरिडॉरने आणली तरी रस्त्यातच तीनचार तास जातात. नाजूक किडनीला हे तासच सर्वांत महागात पडतात: ती उशिरा चालू होते आणि पहिल्या आठवड्यातही डायलिसिस करावं लागतं.

अमेरिकेने डिसेंबर २०१४ मध्ये केडीपीआय हा जोखमीचा अंक (० ते १००; जितका मोठा, तितकी किडनी कमी टिकाऊ) वाटपात आणला. ८५ च्या वरच्या किडनीसाठी पेशंटची वेगळी सही लागते, त्यामुळे विचारायची यादी आधीच लहान होते. तरीही तिथे काढलेल्या किडन्यांपैकी सुमारे पाव वाया जातात. युरोट्रान्सप्लांटने (काही युरोपीय देशांची मिळून अवयव वाटणारी संस्था) १९९९ पासून ६५ च्या वरच्या दात्याची किडनी जवळच्याच ६५ च्या वरच्या पेशंटला द्यायला सुरुवात केली, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) न जुळवता. प्रतीक्षा आणि बर्फातले तास कमी झाले, पण रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) वाढलं. मला तरी हीच वाट जास्त पटते, आणि आपल्याकडे तिची गरज आहे.

फोन आला की डॉक्टरांना दात्याचं वय, बीपी-मधुमेह किती वर्षांचा, मृत्यूचं कारण, लघवीतलं प्रोटीन आणि बर्फातले तास विचारा. क्रिएटिनिनचे (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलेलं असतं) दोन आकडे मागा: दाखल होतानाचा आणि शेवटचा. अपघातातल्या तरुणाचं ०.९ वरून २.६ झालं असेल, तर तो बहुधा तात्पुरता धक्का असतो आणि किडनी सावरते. साठीतल्या, जुना बीपी असलेल्या दात्याचं पहिल्या दिवसापासून १.६ असेल, तर ते जुनं नुकसान असू शकतं. ते भरून येत नाही. तिथे बायोप्सी केली आहे का विचारा. तिच्यात किडनीतल्या २० टक्क्यांहून जास्त बारीक गाळण्या कडक झालेल्या असतील तर बरेच सर्जन मागे सरतात.

ज्या हॉस्पिटलात दाता असतो तिथे प्रत्यारोपण होत असेल, तर एक किडनी त्याच हॉस्पिटलच्या यादीला आणि दुसरी विभागाच्या सामायिक यादीला, अशी महाराष्ट्रातली रूढ पद्धत आहे. म्हणून नाव कुठल्या हॉस्पिटलातून नोंदवलंय, यानेही फरक पडतो.

बाबांच्या बाबतीत मी सही करा म्हणेन. मधुमेह असताना या वयात डायलिसिसवर काढलेलं प्रत्येक वर्ष हृदयाला भारी पडतं, आणि कमी टिकणारी किडनीही त्यापेक्षा बरी. पेशंट तिशीतला असता, डायलिसिस नीट चालू असतं, तर थांबा म्हटलं असतं.