चित्रवहीच्या पानावर डुक्कर फियाट

वाचकांचे प्रश्न : चित्र आणि हस्तकला

प्रश्न : माझ्या आजोबांकडे फियाट होती. नाशिकच्या आमच्या वाड्यासमोर १९६७ साली काढलेला तिचा एक कृष्णधवल फोटो माझ्याजवळ आहे. मुंबईला जाताना कसारा घाटात रेडिएटरमधले पाणी उकळायचे, मग आजोबा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे आणि आम्ही मुले दगडांवर बसून गाडी थंड होण्याची वाट पाहायचो, हे मला अजून लख्ख आठवते. या आठवणीचे एक पान मी माझ्या आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे चित्रवहीत, करायला घेतले. जुनेपणा यावा म्हणून पानावर कोऱ्या चहाचे पाणी फिरवले, कडा मेणबत्तीवर जाळल्या आणि फोटोची घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत फेविकॉलने चिकटवली. पान सुरकुतले, प्रतीची शाई पसरली आणि शेजारी मी काढलेली गाडी खेळण्यातली वाटते. माझे नेमके कुठे चुकले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रातला कसारा घाटाचा प्रसंग वाचल्यावर असे वाटले की पानाचा विषय तुमच्या हाती आधीच आहे, फक्त चहाच्या डागांखाली तो झाकला गेला आहे. कोणतेही पान तपकिरी करता येते, पण उघड्या बॉनेटपाशी उभे असलेले आजोबा फक्त तुमच्याच पानावर येऊ शकतात. म्हणून साहित्याकडे वळण्याआधी गाडीकडे नीट पाहू.

फोटो भिंगाखाली धरा आणि पुढच्या दाराचे हँडल कोणत्या बाजूला आहे ते पाहा. हँडल पुढच्या चाकाकडे आणि बिजागऱ्या मधल्या खांबावर असतील, म्हणजे दार उलट्या दिशेने उघडत असेल, तर ती आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी गाडी आहे. फुगीर, गोलसर नाकाडामुळे तिला हे नाव पडले आणि लोकांनी ते प्रेमानेच वापरले. त्यानंतर आलेल्या ‘डिलाइट’ या फियाटची आणि पुढे ‘पद्मिनी’ची दारे नेहमीसारखी उघडतात, त्यांचा छपराचा आणि डिकीचा भागही अधिक चौकोनी आहे. या गाड्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा तो कारखाना. आपली गाडी यांपैकी कोणती हे एकदा ठरले की दार, दिवा, जाळी यांचा तपशील आपोआप ठरतो, आणि पाहणाऱ्याला काळ कळतो तो या तपशिलातून.

आता गाडी खेळण्यातली का वाटते ते पाहू. रोज रस्त्यावर आजच्या गाड्या पाहून आपल्या हाताला रुंद टायर आणि ठेंगणी काच काढण्याची सवय लागलेली असते. जुन्या फियाटचे टायर अरुंद होते आणि चाकाच्या मानाने छप्पर बरेच उंच होते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे टायरसकट धरलेल्या चाकाच्या व्यासाच्या जवळजवळ चौपट होते, आणि जमिनीपासून छपरापर्यंतची उंची सुमारे अडीच चाकांएवढी होती. बाजूने दिसणारी गाडी काढायची असेल तर आधी एक चाक काढा, तेच माप धरून चार चाकांच्या अंतरावर दुसरे काढा, अडीच चाकांवर छपराची रेघ आखा आणि मगच बाकीच्या रेषांना हात घाला. गाडी तिरकी दिसत असेल तर मात्र चाके वर्तुळाकार राहत नाहीत, ती लंबवर्तुळाकार होतात आणि त्यांचा लांब अक्ष चाकाच्या आसाशी काटकोनात राहतो. नजरेच्या अंदाजाने हे जमत नसेल तर फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून आकार उतरवून घ्या, कागदाच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल घासा आणि पानावर ठेवून रेषा पुन्हा गिरवा. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

गाडी खरी वाटण्यात सर्वांत मोठा वाटा क्रोमचा, म्हणजे बंपर-हँडलवरच्या चकचकीत मुलाम्याचा, असतो आणि बहुतेक जण तिथेच राखाडी रंग भरून सगळे घालवतात. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल ते त्यात दिसते. बंपर हा आडवा ठेवलेला, बाहेर फुगलेला आरसा आहे असे समजा. त्याच्या वरच्या भागात आकाश दिसते, म्हणून तिथे अगदी फिकट निळा रंग पाण्यात पसरू द्या. मधोमध क्षितिजाची एक गडद, जवळजवळ काळी, थोडी वाकडी रेघ येते. तिच्याखाली रस्त्याचा मातकट रंग कडेकडे फिका होत जातो. आकाशाचा पट्टा आणि ती काळी रेघ यांच्यामध्ये केसाएवढी जागा कोरी सोडा. चमक त्या कोऱ्या कागदातून येते, नंतर पांढरा रंग लावून ती तितकीशी साधत नाही. दिव्यांच्या गोल कड्या, दाराचे हँडल आणि चाकाच्या मधली टोपी याच पद्धतीने रंगवा. एकदा बंपर जमला की बाकीच्या गाडीला एकसारखा सपाट रंग दिला तरी चालतो.

पान सुरकुतण्याचे कारण पाणी हे आहे. ओला झाल्यावर कागदाचा तंतू फुगतो, आणि पातळ कागदाला पुन्हा सरळ होता येत नाही. या कामासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या, किंवा वहीची दोन पाने एकमेकांना चिकटवून, वजनाखाली रात्रभर वाळवून एक जाड पान तयार करा. फेविकॉल बोटाने पातळ आणि कडेपर्यंत पसरवा, ठिपक्यांनी लावू नका. मला स्वतःला फोटोच्या प्रतीसाठी मैद्याची खळ अधिक आवडते, कारण चिकटवलेला कागद पुढे कधी काढावासा वाटला तर खळ ओलसर फडक्याने सुटते. बाइंडिंग करणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने घरात, विशेषतः मुलांच्या हाताशी, वापरू नये. थोडी खळ ताजी शिजवून त्याच दिवशी संपवावी. चिकटवलेल्या भागावर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली पान दाबून ठेवा आणि सकाळपर्यंत उघडून पाहण्याचा मोह टाळा.

तुमच्या प्रतीची शाई पसरली, कारण घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळते. कोपऱ्यावरच्या दुकानातून लेझरची झेरॉक्स काढून आणा, तिच्यावर ओली खळ लागली तरी काही होत नाही. प्रत काढताना सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची, करू नका. आपल्याकडचे त्या काळातले घरगुती फोटो कृष्णधवल असत. आज त्यांपैकी काही पिवळे दिसतात, याचे एक कारण म्हणजे धुलाईत हायपो, म्हणजे फोटो पक्का करण्याचे रसायन, पुरता निघून गेलेला नसतो. त्या फोटोंना पांढरी किनार असे आणि कित्येकांच्या कडा नक्षीदार कात्रीने कापल्यासारख्या कंगोरेदार असत. तुमच्या फोटोला तशी कड असेल तर प्रत कडेसकट काढून तशीच कापा.

चहा मी सरसकट टाकून द्या म्हणणार नाही, मात्र तो पानावर ओतू नका. चहात आम्लता असते आणि ती कागदाला वर्षानुवर्षे आतून ठिसूळ करत राहते. हवाच असेल तर वेगळा कागद चहात बुडवून पूर्ण वाळवा आणि त्याचे लहान तुकडे फोटोपासून दूर वापरा. त्यापेक्षा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) पाण्यात पातळ करून दिलेला हात अधिक शांत दिसतो आणि तो कुठे थांबवायचा हेही आपल्या हातात राहते. कडा जाळू नका. काजळी पुढच्या पानाला लागते, शिवाय आजोबांच्या फोटोला जळकी कड कशासाठी? ओल्या ब्रशने सरळ रेघ ओढून कागद त्या रेघेवर हलके फाडला तर हातकागदासारखी तंतुमय कड मिळते. खरा हातकागदच वापरायचा असेल तर पुण्यातील १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागद या कामासाठी उत्तम आहे.

मांडणीबद्दल थोडेच सांगतो. घाटाचे चित्र उजव्या पानावर मोठे येऊ द्या आणि वाड्यासमोरचा फोटो डावीकडे लहान ठेवा. नंबर प्लेट काढाल तेव्हा काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे काढा, कारण त्या काळी खासगी गाड्यांच्या पाट्या तशा असत. त्यावर तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडा असे, ‘एमएच १५’ अशी जिल्ह्याच्या क्रमांकाची पद्धत खूप नंतर आली. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याचा मोह होईल, पण ते ट्रकच्या मागचे शब्द आहेत, तुमच्या फियाटवर ते शोभणार नाहीत.

प्रश्न : मला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे पान करायचे आहे. पोस्टर रंगातला पिवळा आणि काळा लावला की चित्र जाहिरातीच्या फलकासारखे भडक दिसते. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कुपीतला काळा रंग तसाच लावू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद रंग तयार करा, त्यात उन्हाची झाक उरते. छपराच्या पिवळ्यात किंचित ऑकर घाला आणि जिथे ऊन थेट पडते तेवढ्याच भागात शुद्ध पिवळा ठेवा. डाव्या बाजूला, काचेच्या पुढे, बाहेर बसवलेले जुने यांत्रिक मीटर विसरू नका. मुंबईकर आजही ‘मीटर डाऊन’ म्हणतात ते त्याच्या खाली पाडण्याच्या पत्र्यावरून. आतून पाहिल्यासारखे चित्र काढणार असाल तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दाखवा.

या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ साली मिळाले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. पानाच्या कोपऱ्यात या दोन तारखा बारीक अक्षरांत, रबरी शिक्क्यासारख्या जांभळ्या शाईत लिहिल्या तर त्या चित्राचाच भाग वाटतील. शिक्का थोडा तिरका आणि एका बाजूला फिका उमटवा.

प्रश्न : वडिलांच्या गाडीचा मूळ फोटो आणि आरसी बुक पानावर चिकटवले तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया चिकटवू नका. अनेक वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या गाडीजवळ काढलेला एक मूळ फोटो मी डिंकाने वहीत चिकटवला. पुढे तो काढताना वरचा थर सोलून निघाला आणि वडिलांचा चेहराच गेला. दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून मी मूळ फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घेतो आणि पानावर फक्त प्रत लावतो. आरसी बुकाचीही लेझर झेरॉक्स काढा, आणि वही कोणाला दाखवणार असाल तर पत्ता व इंजिन क्रमांक यांवर कागदाची पट्टी लावा. मूळ फोटो पानावर असायलाच हवा असे वाटत असेल तर जुन्या अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे पानाला चिकटवा आणि फोटोची चार टोके त्यांत अडकवा. समोरासमोरच्या पानांमध्ये बटर पेपरचा एक तुकडा ठेवा, म्हणजे रंग लागणार नाही आणि पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटणार नाहीत.