पंधराव्या माणसाला कशाला पोसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) संघात पंधरा जण, खेळतात आठ-नऊ, मग बाकीच्यांना लाखो डॉलर कशाचे? मायामी हीट संघाने आपल्या जुन्या खेळाडूला, युडॉनिस हॅस्लेमला, चाळिशी उलटल्यावरही जागा अडवू दिली, तिथे एखादा विशीतला पोरगा का नाही घेतला? काही संघ तर पंधरावी जागा चक्क रिकामी ठेवतात, ते का? आणि जाता जाता, आपल्या भारतीय वंशाचं कुणी त्या बाकावर बसलंय का?

मी वीस-बावीस वर्षं पहाटे उठून ही लीग बघतोय (घरच्यांच्या मते हा आजार आहे) आणि मधली सहा वर्षं आमच्या क्लबच्या मुलांचा संघही सांभाळला. माझं मत आधीच सांगतो. पंधरा जागा म्हणजे एकाच मापाचे पंधरा खेळाडू नव्हेत. पहिल्या नऊ जागा खेळायच्या, पुढच्या तीन दुखापतींच्या भरपाईच्या, आणि शेवटच्या तीनचं काम प्रत्येक संघात वेगळं.

आधी मिनिटांचा हिशोब. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटं. पहिल्या पाचांना सरासरी ३४ धरली तर १७० गेली. उरलेली ७० चौघांत वाटली की प्रत्येकाला जेमतेम साडेसतरा. दहाव्याला पाच मिनिटं द्यायची तर ती दुसऱ्या कुणाच्या ताटातून काढावी लागतात, आणि पाच मिनिटांत कुणाला लय सापडत नाही. दोन शॉट, एक फाउल, बस खाली. याला अपवाद २०१४ चे सॅन अँटोनियो स्पर्स. त्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही आणि तरी ते विजेते झाले. पण त्यासाठी ग्रेग पॉपोविचसारखा कोच लागतो, आणि टिम डंकनसारखा निमूटपणे बाहेर बसणारा मोठा माणूस लागतो.

आता जागांचं. पूर्ण करार जास्तीत जास्त १५. त्याशिवाय २०२३-२४ पासून तीन टू-वे करार, आधी दोन होते. टू-वेवाला मुख्य संघ आणि जी लीगमधला (एनबीएच्याच दुय्यम लीगमधला) धाकटा संघ यांच्यात ये-जा करतो. पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा (२०२३-२४ मध्ये साधारण ५ लाख ६० हजार डॉलर), मुख्य संघाबरोबर नियमित हंगामातले जास्तीत जास्त ५० सामने, आणि मुख्य म्हणजे त्याला प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) खेळता येत नाही. खेळवायचा असेल तर त्याला आधी पूर्ण करार द्यावा लागतो.

रिकाम्या जागेचं उत्तर इथेच आहे. पूर्ण करारावर चौदा जण असावेत असा नियम आहे, त्याखाली गेलात तर दोन आठवड्यांत भरती करावी लागते. चौदावर थांबलात तर कुणी विचारत नाही. लक्झरी टॅक्स (पगारखर्चाची ठरावीक पातळी ओलांडली की लागणारा दंडवजा कर) भरणाऱ्या संघाला किमान पगाराचा पंधरावा माणूससुद्धा करासकट त्याच्या पगाराच्या कितीतरी पट महाग पडतो. दुसरं कारण फेब्रुवारीतलं. संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की एक देऊन दोन घ्यायचा सौदा समोर येतो, दुसरा बसवणार कुठे? मग बायआउट होऊन (उरलेल्या कराराचा पैशांत निकाल लावून) सुटलेली मंडळी बाजारात येतात. त्यांना जुन्या संघाने १ मार्चपर्यंत सोडलं असेल तरच नव्या संघाकडून प्लेऑफ खेळता येतं. आणि तिसरं, टू-वेवाला पोरगा वर्षभरात तयार झाला तर एप्रिलमध्ये, प्लेऑफच्या आधी, त्याला बसवायला खुर्ची हवी. थोडक्यात, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली एसटीची सीट.

सीट भरलेली असली की काय होतं त्यासाठी जेरेमी लिन आठवा. डिसेंबर २०११ मध्ये वॉरियर्सने सोडलं, मग रॉकेट्सने सोडलं, मग निक्सने बाकाच्या टोकाला बसवलं. लॉकआउटमुळे (मालक-खेळाडू वादात हंगाम उशिरा सुरू झाल्यामुळे) त्या हंगामात कच्चे करार पक्के व्हायची तारीख १० फेब्रुवारी होती (एरवी १० जानेवारी असते). तोवर लिनला काढून ती जागा मोकळी करायचा निक्सचा विचार चालला होता, आणि लिन भाड्याचं घर न घेता दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपत होता. ४ फेब्रुवारीला गार्डच (चेंडू पुढे नेऊन डाव रचणारे) शिल्लक राहिले नाहीत म्हणून त्याला नेट्सविरुद्ध उतरवलं, त्याने २५ गुण केले. १० तारखेला, म्हणजे नेमक्या त्याच दिवशी, लेकर्सविरुद्ध ३८! लोक याला परीकथा म्हणतात. मला त्यात एक कारकून दिसतो, कॅलेंडरवर बोट ठेवून बसलेला.

आता हॅस्लेम. तुमचा राग मला कळतो, शेवटच्या सात हंगामांत मिळून तो शंभर सामनेही खेळला नाही. २०२०-२१ मध्ये तर एकच, तोही तीन मिनिटांच्या आत संपला, कारण ड्वाइट हॉवर्डशी भांडून पठ्ठ्या मैदानाबाहेर काढला गेला. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली पैशाची. दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेल्याचा किमान पगार २०२३-२४ मध्ये जवळजवळ ३२ लाख डॉलर होता. पण करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या वहीत दोन वर्षं अनुभववाल्याचाच आकडा लागतो, साधारण २० लाख. वरचे लीग भरते. म्हाताऱ्यांना महाग म्हणून कुणी टाळू नये यासाठीच ही सोय आहे.

दुसरी गोष्ट मार्च २०२२ ची. वॉरियर्सविरुद्ध टाइमआउट चालू होता, जिमी बटलर आणि कोच एरिक स्पोलस्ट्रा यांचं वाजलं, आणि हॅस्लेम उठून थेट बटलरच्या अंगावर गेला. तो व्हिडिओ आवाज बंद करून बघा. संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूवर कोचच्या बाजूने असं धावून जायचं तर धावणाऱ्याला स्वतःची मिनिटं जातील ही भीती नसावी लागते. हॅस्लेमला ती नव्हती, मुळात मिनिटंच नव्हती. विशीतल्या पोराने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची बॅग भरलेली असती.

आणि तरुणांना जागा मिळाली नाही हे मायामीबाबत म्हणूच नका. २०२३ मध्ये आठव्या मानांकनावरून ते अंतिम फेरीत गेले, तेव्हा डंकन रॉबिन्सन, मॅक्स स्ट्रस, गेब व्हिन्सेंट आणि केलेब मार्टिन हे चौघेही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) न निवडलेले आणि कधी ना कधी मायामीच्याच टू-वे करारावर राहिलेले होते. त्यांची रोपवाटिका तिथे होती, हॅस्लेमच्या खुर्चीने त्यांचं काही अडलं नाही. शेवटचा एक हंगाम मात्र निव्वळ प्रेमापोटी दिला असं मलाही वाटतं. त्या हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात बेचाळिसाव्या वर्षी त्याने २४ गुण केले, त्यामुळे मी गप्प आहे.

खरी अवघड जागा टोकाची नाहीच. सहावा-सातवा माणूस सांभाळणं सगळ्यात कठीण, कारण त्याला वाटत असतं की आपण पहिल्या पाचांतले आहोत, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. आंद्रे इग्वाडाला २०१४ पर्यंत ७५८ सामने खेळला होता, सगळे पहिल्या पाचांत. वॉरियर्सला नवा कोच स्टीव्ह कर आला, त्याने हॅरिसन बार्न्सला सुरुवातीला उतरवायचं ठरवलं आणि इग्वाडालाला बाकावर बसवलं. अख्ख्या नियमित हंगामात एकही सुरुवात नाही. माणूस खूश नव्हता, पण दुसऱ्या फळीची सूत्रं आपल्या हातात आहेत हे त्याला हंगामाआधीच माहीत होतं. अंतिम फेरीत वॉरियर्स १-२ असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात स्टीव्ह करने अँड्र्यू बोगटच्या जागी त्याला सुरुवातीला घेतलं, पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) इग्वाडाला ठरला.

हे 'आधी सांगणं' मी फार उशिरा शिकलो. आपल्याकडे फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाने बारा जणांचा संघ. एका स्पर्धेत अकराव्या नंबरच्या पोराला मी रोज एकच सांगायचो, "तयार राहा." चार सामने तो तयार राहिला. पाचव्यात माझे दोन गार्ड पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेले, मी वळून त्याला हाक मारली, तर बुटांच्या नाड्या सुटलेल्या आणि जॅकेटची चेन अडकलेली. "सर, मी?" म्हणाला. ती चेन सोडवताना त्याचे हात थरथरत होते. पहिल्याच चेंडूला ट्रॅव्हल (चेंडू न टप्पवता जास्त पावलं टाकल्याची चूक). चूक शंभर टक्के माझी होती. पुढच्या वर्षीपासून आदल्या संध्याकाळी सांगायला लागलो: उद्या दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटं तुझी. किंवा सरळ: उद्या नाही. 'उद्या नाही' ऐकून पोरं रुसतील असं वाटलं होतं. ती रात्री नीट झोपायला लागली.

एनबीएत यासाठी वेगळी सोयही असते. कमी मिनिटंवाल्यांना सहायक कोच वेगळे घेऊन तीनास तीन, पाचास पाच असे खरे घाम काढणारे डाव खेळवतात. सामन्यात आपल्याला दिसतं ते फक्त टॉवेल हलवणं.

राहिला आपल्या माणसाचा प्रश्न. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला, पण तो जी लीगच्या (तेव्हा डी लीग) पुढे गेला नाही, एनबीएत एकही सामना नाही. बाकावर बसला तो सिम भुल्लर, टोरंटोचा, आईवडील पंजाबचे, उंची सात फूट पाच इंच. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला. ५ जानेवारीनंतर असे करार करता येतात, एका खेळाडूला एका संघाकडून हंगामात दोनदाच, तिसऱ्यांदा हवा असेल तर उरलेल्या हंगामासाठी घ्यावा लागतो. मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत वाढलेले. त्यात भावनेचा भाग किती आणि भारतातल्या प्रेक्षकांचा किती, यावर तेव्हा आम्ही मित्र रात्रभर भांडलो होतो. भुल्लर तीन सामने खेळला, तेही शेवटी शेवटी, मिळून दोन गुण. त्यानंतर एनबीएच्या हंगामात तो पुन्हा दिसला नाही.